मापं आमची, फलक तुमचा

प्रति,
माननीय विश्वस्त,
महाराष्ट्र मंदिर महासंघ आणि खानदेशातील सर्व देवस्थाने



तुमच्या वस्त्रसंहितेवर वकील बोलले, पुढारी बोलले, टीव्हीवरचे निवेदक तर घसा बसेपर्यंत बोलले. ज्यांच्या हातून ते कपडे शिवून जातात त्यांना कुणी विचारलं नाही. मी शिरपुरात बायकांचे कपडे शिवते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, परकर-पोलकी, शाळेचे गणवेश, लग्नसराईत घागरे. बाईचा गळा किती खोल आणि बाही किती लांब हा तुमच्याकडे ठरावाचा विषय असेल; माझ्याकडे तो टेप गळ्यात अडकवून रोज ऐकायचा विषय आहे. म्हणून हे पत्र. आणि ते उघड, कारण फलकही तुम्ही उघडच लावता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जळगावला मंदिर-न्यास परिषद भरली आणि तिथून तुमचा महासंघ उभा राहिला. म्हणजे ही गोष्ट आमच्याच खानदेशातून निघाली, दुसरीकडे बोट दाखवायची सोय नाही. मे महिन्यात नागपूरच्या चार मंदिरांनी वस्त्रसंहिता जाहीर केली, पाठोपाठ अमरावती, नगर अशी नावं येत गेली. त्याच मे महिन्यात तुळजापूरला भवानीच्या देवळात फलक लागले: अंगप्रदर्शक, उत्तेजक, अशोभनीय कपडे किंवा हाफपँट-बर्मुडा घालून आलेल्यांना प्रवेश नाही. गदारोळ झाला आणि ते लगेच मागे घ्यावे लागले. पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायकानं आणि मे २०२५ मध्ये कोल्हापूरच्या अंबाबाई-जोतिबा देवस्थानांनी आपापले नियम काढले तेव्हा तेवढा आवाज उठला नाही. दोन वर्षांत लोक सरावले. मला धास्ती आहे ती या सरावाची.

आधी तुमच्या शब्दांबद्दल. ब्लाऊजला छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाहीघेर अशी मापं असतात. उत्तेजक हे माप बघणाऱ्याच्या डोळ्याचं आहे, ते माझ्या टेपनं घेता येत नाही. ‘ताई, एक उत्तेजक शिवून द्या’ असं सांगत आजवर माझ्याकडे कुणी आलेली नाही. अशोभनीय म्हणाल तर त्याचंही तसंच. ज्या शब्दाचं माप नाही तो शब्द फलकावर लिहिला की दारात उभा असलेला माणूस म्हणेल ते माप. त्या दिवशी त्याचं घरी भांडण झालेलं असेल तर बाही आखूड ठरेल.

आता माझ्या दुकानात काय चालतं ते ऐका. मुलगी मोबाइलमधलं डिझाइन दाखवते: मागचा गळा खोल, वर दोरी, दोरीला लटकन. आई म्हणते, बाही कोपराच्या खाली आली पाहिजे. नवी सून सासूबरोबर आली तर माप देताना चकार शब्द काढत नाही, संध्याकाळी फोन येतो, “ताई, मांगला गया जरासा मोठा करजो, पन सासूले नको सांगजो.” मी गळा वाढवते आणि सासूच्या समाधानासाठी बाही दोन बोटं लांब ठेवते. दोघी खूश. कॉलेजच्या मुली कुर्तीला खिसा मागतात, आणि तो चांगला खोल मागतात. मोबाइल आणि पैसे दुसऱ्याच्या हातात द्यायचे नसतात त्यांना. वसतिगृहात राहणारी एखाद्या पाड्यावरची मुलगी पहिली जीन्स कमरेत बारीक करायला आणते आणि सुट्टीत गावी जाताना ती पिशवीच्या तळाशी घालते. तुम्ही बंड करताय असं या मुलींना कुणी सांगितलं तर त्या हसतील. पण घरातली थोरली माणसं, गल्ली, जातपंच आणि देव या सगळ्यांनी मिळून आखलेल्या रेषेच्या आत राहून त्या रोज एकेक इंच मिळवत असतात. तो इंच कुठून कसा येतो हे मला माहीत आहे, कारण कात्री माझ्या हातात असते. तुमचा फलक बरोबर त्या इंचावर येऊन पडतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही फक्त परंपरा सांगतोय. कोणती? आमच्या आज्या नऊवारी लुगडं काष्टा घालून नेसायच्या. पोटऱ्या उघड्याच असायच्या, शेतात तर गुडघ्यापर्यंत. बर्मुडाही तिथवरच येते. कोल्हापूरला एप्रिल २०१६ मध्ये कार्यकर्त्या तृप्ती देसाई अंबाबाईच्या गाभाऱ्यात जायला निघाल्या तेव्हा त्यांनी साडी नेसावी असा आग्रह होता. त्या पंजाबी ड्रेसवर गेल्या आणि आत धक्काबुक्की झाली. आज तोच पंजाबी ड्रेस तुमच्या लेखी सभ्य आहे. केरळात तिरुअनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात त्याच वर्षाच्या अखेरीस चुडीदारवरून कोर्टापर्यंत वाद गेला. त्र्यंबकेश्वरला तर २०१६ मध्ये बायकांना गाभाऱ्यात सोडायची वेळ आली तेव्हा ओलेत्या सुती किंवा रेशमी वस्त्रात या, अशी अट निघाली. ओलं कापड अंगाला कसं चिकटतं हे शिवणकाम करणारीला सांगायला नको. आणि गाभाऱ्यात उभे असलेले पुजारीबुवा? सोवळं नेसून, कमरेच्या वर उघडे. त्यांना अंगप्रदर्शक कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण मग हा शब्द नेमका कुणासाठी ठेवलाय, हे आपल्या दोघांनाही कळतं.

नवरात्रातले नऊ रंग घ्या. कोणत्या पोथीत आहेत ते? वर्तमानपत्रांनी ते रुजवले आणि आज बँकेतल्या बाईपासून भाजीवालीपर्यंत सगळ्या त्या दिवशीच्या रंगात दिसतात. माझा तो हंगाम. बायकांना देवीसाठी नटायचं असतं, एकमेकींसारखं दिसायचं असतं, त्यांनी ते उचललं. कुणी दारात अडवून पिवळा आणा म्हणालं नाही.

कापूस वेचायला जाणारी बाई तुम्ही पाहिली असेल. साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला रुमाल, कमरेला झोळी. बोंडाची टोकं हात ओरबाडतात म्हणून तो शर्ट. आपल्या सूतगिरण्या आणि जिनिंग ज्या कापसावर चालतात तो याच हातांनी वेचलेला. शेतावरून परतताना ती वाटेतल्या देवळात टेकली तर तिला कोणत्या रकान्यात घालणार? अंग बोटभरसुद्धा दिसत नाही, पण पोशाख पारंपरिक नाही, अर्धा तर पुरुषाचा. आणि सातपुड्याच्या पायथ्याची पावरा पोरगी? एरवी कॉलेजात जीन्स-टॉप घालणारी ही मुलगी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत, आजीचा पोशाख आणि किलोकिलोची चांदी घालून रस्त्यावर नाचते. तो पोशाख ती संस्कृती जपायची म्हणून घालते हे खरं, पण ‘आम्ही इथले आहोत, आम्हाला बघा’ हे सांगायलाही घालते. भारतीय संस्कृतीचा पोशाख असं तुम्ही लिहिता तेव्हा तिची आजी तुमच्या डोळ्यांसमोर असते का? प्रामाणिकपणे सांगा.

हे मी एवढ्या चिकाटीनं का विचारतेय, तर धर्माच्या नावानं कपडे ठरवायची चाल आपल्याकडे जुनी आहे आणि तिचा अनुभव बरा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं घालावीत, लोखंडाचे दागिने घालावेत असा नियम आहे. अंगावरच्या चिंधीवरून जात लांबून ओळखू यावी, एवढ्यासाठी. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत जाळलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत दोन दिवसांनी बाबासाहेब आंबेडकर बायकांशी काय बोलले हे मात्र कमी सांगितलं जातं. त्यांनी लुगड्याबद्दल सांगितलं. तुमची लुगडं नेसायची तऱ्हा, गळ्यातल्या सऱ्या, हातभर कथलाचे आणि चांदीचे दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे. ती पुसा, लुगडं घोट्यापर्यंत खाली घ्या, असा त्याचा आशय. आणि त्या बायका काय करतात? परिषद उठायच्या आत लुगडं नेसायची पद्धत बदलतात. ठराव नाही, अर्ज नाही. निऱ्या सोडल्या आणि पुन्हा नेसल्या. महाडच्याच चवदार तळ्याच्या पाण्याचा खटला कोर्टात पुढे दहा वर्षं चालला. लुगड्याचा निकाल त्यांनी तिथल्या तिथे लावला.

त्यानंतर आठवडाभरातली एक बातमी बाबासाहेबांनी ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये नोंदवली आहे. ४ जानेवारी १९२८ च्या टाइम्स ऑफ इंडियातली. इंदूर जिल्ह्यातल्या कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आणखी पंधरा-एक गावांच्या सवर्णांनी बलाई समाजाला कळवलं: जरीकाठी पगडी बांधायची नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोनं-चांदी घालायची नाही, झोकदार झगे-पोलकी घालायची नाहीत. शिरपूरहून आग्रा रोडनं बिजासन घाट चढून सरळ गेलात की इंदूर. आमची लग्नाची खरेदी आजही तिथे होते. इथे महाडला लुगडं खाली आलं, तिथे धोतराचा काठ जप्त झाल्याची बातमी आली, आणि मध्ये एक आठवडा. बलाईंनी नकार दिला तेव्हा त्यांचं पाणी तोडलं, गुरं चारायला बंदी घातली, शेतात जायची वाट अडवली. या भानगडीत काठही होता. ज्यांना काठ म्हणजे किरकोळ गोष्ट वाटते त्यांनी हे वाचावं.

आपल्या थोरांनीही कपड्यानंच उत्तरं दिली आहेत. मार्च १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात, घोंगडी घेऊन गेले. हिरे-मोती ल्यालेल्या मंडळींत तो वेशच बोलत होता. गाडगेबाबा तर जन्मभर चिंध्यांत राहिले. फाटक्या जीन्सला मज्जाव आहे ना तुमच्याकडे? बाबांच्या अंगावर शाबूत कापड वीतभर नसायचं. ते स्वतः देवळात फारसे जात नसत, धर्मशाळा बांधत, म्हणून तुमची पंचाईत टळली.

आणि आलवण. आता ते दिसत नाही म्हणून विसरलो आपण. ब्राह्मण घरातली विधवा: डोक्याचं वपन, अंगावर एकच तांबडं वस्त्र, आत पोलकं नाही. हाही धर्मच होता, आणि तोही घरचे, उपाध्ये, शेजारीपाजारी मिळून पाळून घेत. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या नाभिकांना एकत्र करून विधवांचं वपन करणार नाही असं ठरवायला लावलं. वस्तरा चालवणाऱ्यानं वस्तरा खाली ठेवला! माझ्यासारख्या हातावर पोट असणारीला ती गोष्ट फार मोठी वाटते. पुढे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं तसं परिपत्रक काढलं. तरी आजही माझी जुनी गिऱ्हाईक नवरा गेल्यावर सहा-सहा महिने येत नाही, आणि येते तेव्हा कापड फिकं असतं. “लोक काय म्हनतीन?” हौसेनं लाल-हिरवं शिवून घेणारी बाई राखाडीवर हात ठेवते आणि माझ्याकडे बघत नाही.

तुमची बाजूही ऐकली आहे. सरकारी कार्यालयात जीन्स-टीशर्ट नको असं परिपत्रक डिसेंबर २०२० मध्ये निघालं, मग देवळात तसा नियम का नको, असं तुम्ही विचारता. कारण तिथला कर्मचारी पगार घेतो. मी देवळात नोकरीला नाही. उलट दानपेटीत चार पैसे टाकते. गुरुद्वारात डोकं झाकावं लागतंच ना, हा दुसरा प्रश्न. लागतं. बाप्यालाही लागतं, बाईलाही लागतं, पंतप्रधान आला तरी लागतं, आणि रुमाल दाराशीच ठेवलेले असतात. त्यात कुणाच्या चारित्र्याची मोजणी नाही. आणि एक खासगीत सांगते: देवळात जाताना मी स्वतः चांगली साडी नेसते, केसात गजरा माळते. मला कुणी सांगावं लागत नाही. खानदेशातल्या बहुतेक बायका अशाच जातात. मग फलक कुणासाठी? ज्या चार पोरी वेगळं घालून येतील त्यांच्यासाठी. म्हणजे ज्यांना घरी-दारी आधीच दहाजण बोलत असतात त्यांना अकरावा आवाज.

इराणशी तुमची तुलना मी करत नाही, तेवढी अक्कल आहे मला. तिथे तुरुंग आहे, फटके आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी हिजाब नीट नाही म्हणून पकडली गेली आणि कोठडीत असताना तिचा जीव गेला. मग बायकांनी भर चौकात डोक्यावरचे रुमाल जाळले. पण त्याच देशात १९३६ मध्ये शहाच्या हुकमानं पोलीस बायकांच्या डोक्यावरची चादर ओढून काढत होते. आधी काढायची सक्ती, पन्नास वर्षांच्या आत घालायची सक्ती, आणि दोन्ही वेळा बायकांना विचारलं नाही. आपल्याकडे त्रावणकोरात खालच्या मानलेल्या नाडर जातीच्या बायकांनी छाती झाकली म्हणून दंगली झाल्या. झाकायची परवानगी १८५९ ला राजाच्या जाहीरनाम्यानं मिळाली. चेंबूरच्या एका कॉलेजनं हिजाब-बुरख्याला बंदी केली तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला अंशतः स्थगिती देताना विचारलं, मग टिकली-टिळ्यालाही बंदी घालणार का? माझ्याकडे बुरखे शिवायला येणाऱ्याही आहेत. एक आनंदानं बाहीवर खडे लावून घेते, दुसरी कॉलेजच्या कोपऱ्यापर्यंत घालते आणि मग घडी करून बॅगेत टाकते. दोघींनाही मी शिलाई तेवढीच लावते.

उलट आमची कानबाई देवी बघा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, दागिने चढवून घरोघरी बसते. विश्वस्त नाहीत, दर्शनाची रांग नाही. बायका रात्रभर गाणी म्हणतात, फुगड्या घालतात, सोमवारी डोक्यावर घेऊन नदीवर नेतात. पुण्याहून आलेली लेक जीन्सवर फुगडी खेळते, आजी लुगड्यावर खेळते. कानबाई कुणावर कोपल्याचं अजून ऐकलं नाही.

अमळनेरच्या शाळेत एके काळी शिकवणाऱ्या साने गुरुजींनी दलितांना देऊळ उघडं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं. १९५६ पासून मंदिरप्रवेशाचा कायदा आहे, आणि तोच पाळा असं मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०१६ मध्ये शनिशिंगणापूरला बायकांच्या प्रवेशाच्या वादात सरकारला बजावलं. त्यात कपड्यांचं काय बसतं ते वकिलांनी बघावं. मी माझ्यापुरतं मागते. ज्या बैठकीत वस्त्रसंहिता ठरली तिथे बायका किती होत्या हे जाहीर करा. दारातून परत पाठवलं तर कुणाला, का आणि कुणी, याची वही ठेवा आणि ती आम्हाला बघू द्या. फलक लावायचाच असेल तर असा लावा की नवरा गेलेल्या बाईनं कुंकू लावून, हिरव्या बांगड्या घालून यावं, तिची ओटी इथे भरली जाईल. तो मी पदरच्या पैशानं रंगवून देते.

तेही जमणार नसेल तर निदान शब्द खोडा आणि इंच लिहा. अशोभनीय गळा किती इंचांपासून सुरू होतो, समोरून आणि मागून वेगवेगळं. बाही, उंची, घेर सगळं लिहा. पुजाऱ्यांची आणि विश्वस्तांची मापंही त्याच फलकावर येऊ द्या. खाली कुणी ठरवलं त्यांच्या सह्या. मी तो कागद दुकानात कटिंगच्या टेबलावर चिकटवते आणि गिऱ्हाइकांना वाचून दाखवते. त्या काय म्हणाल्या ते तुम्हाला कळवीन.

उत्तर द्यायचं तर जाहीर द्यावं.

आपली,
शिरपूरची एक लेडीज टेलर